फेरिटिन ९, पीसीव्ही ५४.६: लोहाची गोळी घ्यावी की रक्त द्यावं?

यंत्रमागवाला

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. दोन जाणत्या माणसांनी मला एकमेकांच्या अगदी उलट सल्ले दिलेत आणि माझा दोघांवरही विश्वास आहे.

वय ४६, वजन ७२. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, माग बिघडला की पहिली हाक मला. मेंदूखालच्या पिट्युइटरी ग्रंथीवर गाठ होती, ती नाकातून दुर्बीण घालून काढली. गाठ साधी निघाली, नजर वाचली, पण ग्रंथीचं काम कायमचं मंदावलं. कॉर्टिसॉल शाबूत राहिलं. थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉन मात्र बाहेरून घ्यावं लागतं. रोज सकाळी थायरॉक्सिन ७५ ची गोळी, आणि दर १४ दिवसांनी कमरेत टेस्टोस्टेरॉन एनान्थेट २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन.

हे औषध मी शरीर कमवायला घेत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. सुरू होण्याआधी पान्यावर जोर लागत नव्हता, दाढी वाढायची थांबली होती आणि हिमोग्लोबिन १२.२ होतं. या इंजेक्शनांनी मला कामावर परत आणलं. ती बंद पडण्याची भीती वाटते, म्हणूनच विचारतोय.

गेल्या वर्षी पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के), ५२ च्या वर गेला. तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितलं, "रक्त दाट होतंय, दर तीन महिन्यांनी रक्तदान करत जा." आमच्याकडे शिबिरांना तोटा नाही. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती. मी मनापासून देत गेलो. दर वेळी बोटाला टोचून थेंब तपासायचे आणि "हिमोग्लोबिन एकदम छान" म्हणून पुढे पाठवायचे.

आताचा रिपोर्ट असा आहे: हिमोग्लोबिन १७.१, पीसीव्ही ५४.६, लाल पेशी ७१ लाख, एमसीव्ही (एका पेशीचं सरासरी आकारमान) ७७, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) १८.२. थकवा फार म्हणून फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या तपासण्याही करून घेतल्या: फेरिटिन (लोहाचा साठा) ९, सीरम आयर्न (रक्तात फिरणारं लोह) ३८, टीआयबीसी (रक्त किती लोह वाहू शकतं) ४६०.

त्रास असा: जिना चढलो की धाप लागते. रात्री पाय इतके वळवळतात की उठून अंगणात चालावं लागतं. बायकोच्या लक्षात आलं की मी येता-जाता डब्यातले कच्चे तांदूळ तोंडात टाकतो. आणि चेहरा, कान कायम लाल.

फॅमिली डॉक्टर म्हणतात लोह संपलंय, गोळ्या सुरू करा. रक्तदानाचा सल्ला देणारे म्हणतात लोह घेतलंस तर रक्त आणखी दाट होईल, उलट अजून एक पिशवी दे. पुण्याच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टची, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांची, तारीख लांबची आहे. पुढचं इंजेक्शन येत्या सोमवारी.

अंगात रक्त जास्त आणि लोह कमी, हे दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं? आणि आधी कशाला हात घालू?

तांबडीमाती

दादा, सगळ्यात आधी एक काम करा. तारखेची वाट न बघता उद्या पुण्याला फोन लावा, हा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवा, आणि त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत सोमवारचं इंजेक्शन घेऊ नका. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांसाठी हिमॅटोक्रिट ५४ ही थांबण्याची रेघ आहे. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ती स्पष्ट दिली आहे: ५४ च्या वर गेला की उपचार थांबवायचे, आकडा सुरक्षित पातळीवर येऊ द्यायचा, झोपेतल्या श्वासाचा आजार आहे का ते बघायचं, आणि मग कमी मात्रेने पुन्हा सुरू करायचं. म्हणजे औषध कायमचं जाणार नाही, ही भीती मनातून काढा. हळूहळू सुटणाऱ्या इंजेक्शनात आठवडा-दोन आठवडे पुढे-मागे झाल्याने तुम्ही पूर्वीच्या स्थितीला जात नाही.

मी कोल्हापूरचा. मला क्लाइनफेल्टर आहे, ४७ एक्सएक्सवाय, म्हणजे एक्स गुणसूत्र एक जास्तीचं. दर ५०० ते १००० मुलग्यांमागे एकाला असतं आणि बहुतेकांना मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावरच कळतं, तसंच माझं. टेस्टोस्टेरॉन घेऊन दहा वर्षं उलटून गेली. या काळात माझा फेरिटिन एकदा ७ वर आला होता, म्हणून तुमचे वळवळणारे पाय आणि कच्चे तांदूळ वाचून गलबललो. माझ्या बाबतीत तांदळाऐवजी पाटीवरची पेन्सिल होती. हे चोचले नाहीत. लोह कमी पडलं की काही माणसांना माती, बर्फ, तांदूळ, खडू असं खावंसं वाटतं. लोह भरलं की ती ओढ आपोआप जाते.

आता तुमचा प्रश्न, रक्त जास्त आणि लोह कमी एकाच वेळी कसं. मलाही हे कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर बाकीचं सगळं सोपं झालं.

यकृत हेप्सिडिन नावाचं द्रव्य तयार करतं. आतड्यातून किती लोह आत घ्यायचं आणि साठ्यातून किती बाहेर सोडायचं, हे त्याच्या हातात असतं. हेप्सिडिन जास्त तर दार बंद, कमी तर दार उघडं. टेस्टोस्टेरॉन हेप्सिडिन दाबतं. शिवाय मूत्रपिंडातून येणारं एरिथ्रोपोएटिन वाढवतं, आणि हिमोग्लोबिन वर गेलं तरी ते जेवढं खाली यायला हवं तेवढं येत नाही. हाडांतल्या मज्जेला सतत सांगावा: पेशी बनवा. आणि साठ्याचं दार उघडंच. मज्जा लोह ओढून घेते, साठा रिकामा होतो. फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य आणि हिमोग्लोबिन म्हणजे ताटातला भात. तुमचं ताट शिगोशीग भरलंय ते कणगी खरवडून.

आकड्यात बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. तुमचं हिमोग्लोबिन १२.२ वरून १७.१ झालं. अंगात पाच लिटर रक्त धरलं तर जवळजवळ २४५ ग्रॅम हिमोग्लोबिन नव्याने तयार झालं, म्हणजे सुमारे ८०० मिलिग्रॅम लोह नुसतं त्यात गेलं. धडधाकट पुरुषाचा सगळा साठाच ५०० ते १००० मिलिग्रॅमचा. त्यातून तुम्ही पिशव्या दिल्या. ३५० मिलिलिटरची एक पिशवी, तुमच्या इतक्या दाट रक्ताची, म्हणजे आणखी २०० मिलिग्रॅम. जेवणातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम आत येतं आणि त्यातलंही एक रोजच्या झिजेत जातं. तीन महिन्यांत भरून निघणार कुठून?

शिबिरातल्या चाचणीबद्दलही सांगतो. तिथे हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे का एवढंच बघतात, आणि रक्त घेण्यासाठी तेवढं बघणं बरोबरच आहे. फेरिटिन तिथे कुणी तपासत नाही. साध्या माणसाचं लोह संपत आलं की हिमोग्लोबिन घसरतं आणि तो आपोआप परत पाठवला जातो. आपलं टेस्टोस्टेरॉनमुळे घसरत नाही. त्यामुळे आपण प्रत्येक वेळी उत्तीर्ण होतो आणि आतून रिकामे होत जातो.

माझं ठाम मत, आणि ते मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो: पीसीव्ही वाढला की पहिला हात मात्रेला घालायचा, सुईने रक्त काढण्याला नाही. २५० दर १४ दिवसांनी ही मात्रा भरपूर आहे. त्याच सूचनांत एनान्थेटसाठी १५० ते २०० दर दोन आठवड्यांनी, किंवा ७५ ते १०० दर आठवड्याला असं दिलंय. मोठं इंजेक्शन घेतलं की पहिले काही दिवस रक्तातली पातळी नैसर्गिकपेक्षा कितीतरी वर जाते, शेवटी खाली येते. ते वर जाणंच मज्जेला जास्त चेव आणतं. कातडीवर लावायचं टेस्टोस्टेरॉनचं जेल रोज थोडं थोडं आत जातं, म्हणून जेलवर पीसीव्ही अशा इंजेक्शनांपेक्षा कमी वाढतो. माझा प्रश्न जेलवर आल्यावरच सुटला. काहींना तीच मात्रा आठवड्याला विभागून घेतली तरी पुरतं. कुठला रस्ता तुमचा, ते पुण्याचे डॉक्टर ठरवतील. पण त्यांना हा प्रश्न नेमका विचारा: "मात्रा कमी करता येईल का, की जेल?"

आणि धीर धरा. लाल पेशी १२० दिवस जगतात. आज मात्रा कमी केली तर आकडा खाली बसायला तीन-चार महिने लागतात. पंधरा दिवसांत काही फरक नाही म्हणून कुणी परत पिशवी द्यायला सांगेल, तेव्हा हे आठवा.

स्लाइडवाली

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन, साताऱ्यात लॅबमध्ये. औषधावर बोलणार नाही, ते माझं काम नाही. रिपोर्टवर बोलते.

दादा, तुमचे आकडे एकमेकांशी जुळतात. ७१ लाख पेशी, प्रत्येकीचं आकारमान ७७, गुणाकार करून बघा, पीसीव्ही ५४.६ च्या अगदी जवळ येतो. आजकालची यंत्रं पीसीव्ही असाच काढतात, मोजत नाहीत. म्हणजे लोहाअभावी तुमच्या पेशी लहान झाल्यात, तरीही पीसीव्ही ५४. पेशी पूर्वीच्या आकाराच्या असत्या तर तो याहून वर दिसला असता. नुसता पीसीव्ही बघून "रक्तदानाने थोडा आटोक्यात आहे" असं म्हणणाऱ्यांना हे कळत नाही. तो आटोक्यात दिसतो कारण पेशी उपाशी आहेत.

ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहायच्या क्षमतेपैकी किती भरलीय) रिपोर्टवर छापलं नसेल तर मी काढून देते: ३८ भागिले ४६०, म्हणजे ८ टक्के. २० च्या खाली कमी समजतात. फेरिटिन एकटा कधीकधी फसवतो, ताप किंवा सूज असली की वर दिसतो. पण ९ फसवत नाही. ९ म्हणजे साठा नाहीच.

एक शंका माझ्याही मनात आली. पेशी भरपूर आणि लहान असल्या की आम्हाला पहिल्यांदा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे पेशी लहान ठेवणारा आनुवंशिक दोष, आठवतो. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने, म्हणजे दशलक्षांत ७.१ ने, भागायचं. उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमियाकडे बोट जातं. तुमचं १०.८ येतं. टेस्टोस्टेरॉन सुरू होण्याआधीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींचा रिपोर्ट, आहे का? त्यातला एमसीव्ही सांगा. थॅलेसेमिया मायनर जन्मापासून असतो, त्याचा एमसीव्ही जुन्या रिपोर्टातही कमीच असणार.

आणि या तपासणीसाठी रक्त कसं दिलंत? घरी येऊन नेलं का? किती वाजता? पाणी प्यायला होतात?

यंत्रमागवाला

ताई, जुना रिपोर्ट काढला. ऑपरेशननंतरचा, इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधीचा. एमसीव्ही ८८.

रक्त घरी येऊन नेलं. साखरही तपासायची होती म्हणून रात्री नऊनंतर काही घेतलं नाही, पाणीसुद्धा नाही. मुलगा आला साडेनऊला. त्याआधीची रात्रपाळी होती आणि कारखान्यात उकाडा असतोच. नमुना दुसऱ्या शहरात जातो म्हणाला, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला.

स्लाइडवाली

८८ म्हणजे थॅलेसेमिया मायनर सोडून द्या. लोहाचीच कमतरता.

आता नमुन्याचं. उपाशीपोटी म्हणजे निर्जळी नाही, हे मी रोज काउंटरवर सांगते. साधं पाणी प्यायचं असतं, त्याने साखर बदलत नाही. घाम गाळून, रात्रभर पाण्याशिवाय राहून रक्त दिलं की रक्तातला पाण्याचा भाग कमी होतो आणि पीसीव्ही दोन-तीन अंकांनी सहज वर दिसतो. दुसरं म्हणजे, नमुना उन्हाळ्यात दिवसभर बाहेर राहिला की नळीतल्या पेशी फुगतात. एमसीव्ही वाढतो, त्याबरोबर पीसीव्हीही. हिमोग्लोबिन तेवढं बदलत नाही, म्हणून अशा वेळी मी हिमोग्लोबिनवर जास्त भरवसा ठेवते.

याचा अर्थ ५४.६ खोटा आहे असं नाही. १७.१ हिमोग्लोबिन आणि लाल कान सांगतायत की तो वर आहेच. पण एवढ्या महत्त्वाच्या आकड्यावर निर्णय घ्यायचाय तर दोन-तीन दिवसांत परत तपासा. जवळच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्वतः जा, दोन ग्लास पाणी पिऊन जा, दहा मिनिटं बसून मग रक्त द्या. फक्त सीबीसी, फार पैसे लागत नाहीत. आणि कागदावर लिहा: शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला.

गावचीडॉक्टरीण

फिजिशियन आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, विशेषतः आधी मात्रा बघण्याचा मुद्दा. तीन गोष्टी जोडते.

पहिली फार महत्त्वाची. पुरुषाचं, त्यातून चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाचं लोह इतकं कमी झालं की पोटातून कुठे रक्त जातंय का हे बघितल्याशिवाय मी गप्प बसत नाही. तुमच्याकडे दोन सोपी कारणं हाताशी आहेत, रक्तदान आणि टेस्टोस्टेरॉन, आणि बहुधा तीच खरी आहेत. पण सोपं कारण सापडलं म्हणून शोध थांबवू नये. मूळव्याध आहे का? शौचाला काळी होते का? सांधेदुखीसाठी, कंबरदुखीसाठी दुकानातून गोळ्या घेता का? वजन उतरलंय का? घरात कुणाला आतड्याचा कर्करोग? शौच तपासणी करा, आणि दुर्बिणीने बघायची गरज आहे का ते समोर बसून डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन १७ दिसतंय म्हणून रक्तस्राव नाही असं मानता येत नाही. टेस्टोस्टेरॉन तो झाकू शकतं.

दुसरी, पीसीव्ही वाढवणारी इतर कारणं. घोरता का, आणि झोपेत श्वास अडकतो असं बायको सांगते का? विडी-सिगारेट? मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन? या गोळ्या चांगल्या आहेत, पण त्याही हिमॅटोक्रिट दोन-तीन अंकांनी वाढवतात. त्या स्वस्त झाल्यापासून खूप जणांना सुरू आहेत, आणि टेस्टोस्टेरॉन देणाऱ्या डॉक्टरांना त्या माहीत असतातच असं नाही. सगळ्या गोळ्यांची यादी दोन्ही डॉक्टरांना दाखवा. मात्रा कमी करूनही आकडा उतरत नसेल तर एरिथ्रोपोएटिनची पातळी आणि जेएके२ ही जनुक-चाचणी करतात, मज्जेचा स्वतंत्र आजार नाही ना हे बघायला. आज त्याची घाई नाही.

तिसरी: एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं. यातलं काहीही झालं तर या धाग्यावर लिहू नका, थेट हॉस्पिटल. तुम्हाला जिन्यावर धाप लागतेच आहे. ती हळूहळू वाढत आलीय की अचानक आली, हे उद्या फोनवर आवर्जून सांगा.

आणि ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका. पोटातून रक्त जात असेल तर ते वाढेल.

रक्त कधीच काढायचं नाही असं माझं म्हणणं नाही. आकडा फार वर असेल, लक्षणं असतील, आणि लोह पुरेसं असेल, तर हॉस्पिटलच्या रक्तकेंद्रात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एखादी पिशवी काढतात. पण फेरिटिन ९ असताना नाही.

पाऊलवाट

मी ट्रान्स पुरुष, ठाणे. हा धागा माझ्यासारखेही वाचतात म्हणून लिहितो. आमच्याकडे गोष्ट दुसऱ्या टोकापासून सुरू होते.

टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी माझं हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन ६ होतं. पाळी भयंकर जायची, वर्षानुवर्षं, आणि घरात "असंच असतं" म्हणून कुणी तपासलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पुरुषांमध्ये २५ टक्के. म्हणजे आमच्यातले बरेच जण हार्मोन सुरू करताना रिकामी कणगी घेऊनच सुरू करतात. माझ्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट बाईंनी सीबीसीसोबत फेरिटिन मागवला, आधी लोह भरायला सुरुवात केली आणि मग कमी मात्रेने हार्मोन. सुरू करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवसाचा फेरिटिन करून ठेवावा, असं मला कळकळीने वाटतं. पाळी थांबल्यावर लोहाची गळती थांबते हे खरं, पण पहिल्या वर्षी मज्जाही ते जोरात ओढत असते.

लॅबमध्ये माझं हिमोग्लोबिन १५.९ आलं तेव्हा रिपोर्टावर लाल अक्षरात "हाय" छापलं होतं, कारण आधार कार्डावर अजून जुनं लिंग होतं. घरचे घाबरले. टेस्टोस्टेरॉनवर स्थिरावलेल्या ट्रान्स पुरुषाचा सीबीसी पुरुषांच्या मर्यादेशी ताडून बघायचा असतो. फॉर्म भरतानाच हे सांगितलं तर बरेचसे लॅबवाले समजून घेतात.

अॅमस्टरडॅममध्ये १०७३ ट्रान्स पुरुषांचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. त्यात हिमॅटोक्रिट ५० च्या वर गेलेले ११ टक्के होते, ५४ च्या वर अर्धा टक्का. सगळ्यात मोठी वाढ पहिल्या वर्षी, आणि धोका वाढवणाऱ्या गोष्टी धूम्रपान, वजन आणि लांब चालणारी इंजेक्शनं. तेव्हा घाबरून औषध सोडू नका आणि तपासणी चुकवू नका. सुरुवातीला तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षातून एकदा तरी.

रक्तदानाच्या सल्ल्यावर. २०१७ च्या राष्ट्रीय रक्तदाता निवड सूचनांनुसार ट्रान्सजेंडर व्यक्तींकडून रक्त घेत नाहीत. त्याविरुद्धची याचिका २०२१ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे "जाऊन एक पिशवी दे" हा सल्ला आम्हाला लागूच पडत नाही, आणि शिबिरात नकार ऐकणं किती लागतं ते मी जवळून पाहिलंय. उपचार म्हणून रक्त काढणं वेगळं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं, ती पिशवी कुणाला चढवत नाहीत. गरज पडली तर तीच चिठ्ठी मागा.

यंत्रमागवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. बऱ्याच दिवसांनी लिहितोय, पण काय झालं ते सांगितलं पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी पुण्याला फोन लागला. धाप हळूहळू वाढत आलेली होती, तरीही त्यांनी सोलापुरातच ईसीजी आणि फुप्फुसांची तपासणी करून घेतली, ती ठीक आली. इंजेक्शन थांबवलं. ताईंनी सांगितलं तसं पाणी पिऊन, बसून, हॉस्पिटलमध्ये सीबीसी केला: पीसीव्ही ५२.४. तरीही डॉक्टर म्हणाले, २५० दर १४ दिवसांनी तुम्हाला जास्तच होतं. काही आठवडे काहीच नाही, मग जेल. रक्तदान बंद.

शौच तपासणीत काही नाही. दोन्ही बाजूंनी दुर्बीण घालून बघितलं, जुनी मूळव्याध आहे, बाकी आतडं स्वच्छ. ते ऐकून बायको पहिल्यांदा निवांत झोपली. झोपेची तपासणी अजून राहिलीय, घोरतो म्हणून सांगितल्यावर त्यांनी लिहून दिलीय. करणार आहे.

जेलवर आल्यावर पीसीव्ही ४९.१ झाला, तेव्हाच त्यांनी लोह सुरू केलं: फेरस अॅस्कॉर्बेट १०० मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसाआड. रोज का नाही विचारलं तर म्हणाले, एक गोळी घेतली की हेप्सिडिन दिवसभर वर राहतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी नीट शोषली जात नाही. तांबडीमाती, तुमच्यामुळे हा शब्द मला माहीत होता. तांदळाचा डबा आता नुसता भातासाठी उघडतो. पायांची वळवळ बरीच कमी, धापही.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. थायरॉक्सिन सकाळी सहाला उपाशीपोटी, मग चहा. लोहाची गोळी कधी घ्यावी? आणि लोह भरायला लागलं की पीसीव्ही परत उसळेल का? ही धास्ती अजून आहे.

तांबडीमाती

दादा, बरं वाटलं वाचून.

थायरॉक्सिन आणि लोह यांत चार तासांचं अंतर हवंच, नाहीतर लोह थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतं आणि थायरॉइड तपासणीतले टीएसएच, फ्री टी४ चे आकडे बिघडलेले कळतही नाहीत. तुमच्या बाबतीत पिट्युइटरीच अधू असल्याने तिच्यातून येणारा टीएसएच तसाही भरवशाचा नाही, फ्री टी४ बघतात. तेव्हा हे अंतर नक्की पाळा. मी लोह दुपारी अकराच्या सुमारास घेतो, लिंबूपाण्याबरोबर. त्याच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, दूध नाही, कॅल्शियमची गोळी नाही. रात्रपाळी असेल त्या दिवशी झोपून उठल्यावर घ्या. शौच काळी होईल, त्याला घाबरू नका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, मूळव्याध आहे.

उसळेल का? थोडा वर जाईल. पेशींचा आकार परत मोठा होईल, आणि पीसीव्ही म्हणजे पेशींची संख्या गुणिले आकार, हे स्लाइडवाली ताईंनी सांगितलंच आहे. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी आधी मात्रा उतरवली आणि मग लोह दिलं, क्रम तोच बरोबर. चार ते सहा आठवड्यांनी सीबीसी करा, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. फेरिटिन तीन महिन्यांनी. फेरिटिन चांगला भरला की गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते डॉक्टरांना विचारा, वर्षानुवर्षं घेत बसू नका. टेस्टोस्टेरॉनची पातळी बघायची तर जेल लावल्यापासून दोन ते आठ तासांच्या आत रक्त द्या. पण जिथे जेल लावता त्या दंडातून रक्त काढू देऊ नका, आकडा भलताच वर येतो.

आणि घरात लहान मूल असेल तर जेल लावल्यावर हात साबणाने धुवा, खांदा वाळू द्या, सदरा घाला, मगच उचलून घ्या. ते औषध कातडीवरून मुलाला लागतं.

यंत्रमागवाला

भावाची मुलगी तीन वर्षांची आहे, आल्याआल्या खांद्यावर चढते. आता जेल रात्री ती झोपल्यावर लावतो आणि सकाळी अंघोळ करतो. चालेल ना?

तांबडीमाती

रात्री लावलेलं चालतं, फक्त रोज त्याच वेळी. अंघोळ लावल्यापासून पाच-सहा तासांनी करा. आणि रक्त द्यायला जायच्या दिवसाबद्दल डॉक्टरांशी बोला. रात्री लावलं तर दोन ते आठ तासांची वेळ पहाटे येते, लॅब तेव्हा उघडी नसते. त्या आठवड्यात सकाळी लावायला सांगतील.